करवलीचे कपडे : लग्नानंतर काय करावे?

*वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. लग्नातील कपड्यांविषयी इंदूरमधून आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.*

प्रश्न : गेल्या माघात माझ्या मुलीचे लग्न झाले. तिच्या पाच करवल्या होत्या : दोन पुतण्या, नणंदेची मुलगी आणि दोन मैत्रिणी. मुलीच्या हौसेखातर आम्ही पाचही जणींना लग्नविधीसाठी एकसारख्या आमसुली सेमी पैठण्या आणि रिसेप्शनसाठी वाइन रंगाचे, टिकल्यांचे काम केलेले घागरे घेतले. घागऱ्यांबरोबरच्या ओढण्या पसंत पडल्या नाहीत, म्हणून एका प्रदर्शनातून वेगळ्या आणल्या. लग्न झाल्यावर मुली पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा आपापल्या गावी गेल्या आणि बॅगेत जागा नाही म्हणून सगळे कपडे "तुमच्याकडेच राहू द्या" असे सांगून ठेवून गेल्या. आता पाच साड्या, पाच घागरे आणि पाच ओढण्या दिवाणात पडून आहेत. यजमान म्हणतात की बर्तनवालीला देऊन मोकळी हो, आणि मुलगी म्हणते की आठवण आहे, राहू दे. साडीचा, साडीच्या काठाचा आणि ओढणीचा असे धागे कागदावर चिकटवून सोबत पाठवत आहे. योग्य सल्ला द्यावा.

— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण धागे पाठवलेत, हे फार बरे केलेत. अशा प्रश्नांत कापड नेमके कशाचे आहे हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला बहुधा वाया जातो. धाग्यांकडे येण्याआधी मात्र एका गोष्टीचा निकाल लावायला हवा, आणि ती म्हणजे हे कपडे आहेत कोणाचे? हातात करा घेऊन नवरीच्या पाठीशी उभी राहणाऱ्या करवलीला जे वस्त्र दिले जाते, तो तिचा मान असतो. कुंकू लावून ते तिच्या हाती दिले, तेव्हाच ते तिचे झाले. दिवाण तुमचा असला तरी त्यातील हे कपडे तुमचे नाहीत, यजमानांचे तर नाहीतच, आणि "आठवण" म्हणून ते राहू दे असे सांगणाऱ्या नवरीचेही नाहीत. म्हणून बर्तनवालीला हाक मारण्यापूर्वी पाचही मुलींना एकेक निरोप पाठवा : "तुझी साडी, घागरा आणि ओढणी आमच्याकडे आहे. यातले काय हवे ते कळव. आषाढ लागेपर्यंत ठेवते, त्यानंतर माझ्या विचाराने देऊन टाकीन." मुदत घातली नाही तर "बघते हं, मामी" एवढेच उत्तर येईल आणि पुढच्या माघातही कपडे तिथेच असतील.

आता धागे. मी ते एकेक करून चिमट्यात धरले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटलीवर, मेणबत्तीच्या ज्योतीला लावले. साडीच्या अंगाचा धागा ज्योतीजवळ जाताच आक्रसला, वितळला, आणि त्याचा काळा टणक मणी झाला, जो नखाने चुरडला गेला नाही. हे पॉलिएस्टर. काठातील चमकता धागाही तसाच गोळा झाला, म्हणजे ती जर नसून प्लास्टिकची चकाकती पट्टी आहे. ओढणीने मात्र मला चकित केले. तिचा एक धागा केस जळल्यासारखा वास सोडून आपोआप विझला आणि मागे उरलेली राख बोटांत भुगा झाली. ते रेशीम. दुसरा धागा कागदासारखा भुरकन पेटला आणि त्याची मऊ करडी राख झाली. तो सुती. उभा धागा रेशमी आणि आडवा सुती ही वीण चंदेरी आणि महेश्वरी या दोन्हींत आढळते, त्यामुळे आपण प्रदर्शनातून आणलेल्या ओढण्या मध्य प्रदेशातील हातमागाच्या असण्याची शक्यता बरीच आहे. ज्या वस्तूची चौकशी आपण पत्रात अर्ध्या वाक्यात उरकली आहे, तीच या साऱ्या ढिगात मोलाची निघाली.

म्हणून ओढण्या कोणालाही देऊन टाकू नका. एरवी साधा पंजाबी सूट घालणाऱ्या मुलीला अशी एक ओढणी दिवाळीपासून बारशापर्यंत कुठेही चालते, शिवाय पाकिटात घालून ती कुरिअरने सहज जाते. पाचही जणींना त्या पाठवूनच द्या. हवी का म्हणून विचारत बसू नका.

साड्यांना चांदीचा भाव येणार नाही, हे यजमानांना सांगावे. बोहारणी, म्हणजेच आपल्याकडच्या बर्तनवाल्या, जरीची पारख आपल्यापेक्षा चांगली करतात. या काठाला त्या एका बोटाने ओळखतील आणि पाच साड्यांवर फार तर एखादे पातेले देतील. पण खोट्या पैठणीचा एक गुण मान्य करायला हवा. ती घरी धुता येते, इस्त्रीचा हट्ट धरत नाही, वाळवीला आणि कसरीला भीत नाही, आणि दुरून दिसायला ती थेट लग्नघरातलीच दिसते. म्हणूनच कोणा गरजू स्त्रीला द्यायची झाली तर ती उत्तम आहे, कारण तिच्या घरच्या लग्नाला ती नेसू शकेल आणि नंतर ड्रायक्लीनिंगचा खर्च तिच्या गळ्यात पडणार नाही. दान म्हणून दिली जाणारी खरी रेशमी साडी पुष्कळदा पहिल्याच धुण्यात मरते.

एखादी साडी घरातच वापरायची असेल तर लहान मुलींचे परकर-पोलके शिवा. साडीचा पन्हा सुमारे ४५ इंच असतो. दोन्ही काठ सारखे असतील तर साडी मधोमध उभी कापावी, म्हणजे साधारण बावीस इंचांच्या दोन पट्ट्या निघतात, प्रत्येकीला खाली आयता काठ मिळतो, आणि चार-पाच वर्षांच्या दोघी बहिणींचे सारखे परकर तयार होतात. पदरातून पोलकी निघतात. दोन गोष्टी मात्र शिंपिणीला बजावून सांगा : आतून सुती अस्तर लावायचे, आणि शिवणीत भरपूर दाब ठेवायचा. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतः पाळायची आहे. हा कपडा घालून मुलींना पणत्यांजवळ वा फुलबाज्यांजवळ जाऊ देऊ नका. मेणबत्तीवर जो मणी झालेला मी पाहिला, तो अंगावर झाला तर कातडीला चिकटतो.

खरी अडचण घागऱ्यांची आहे. जाळीवर टिकल्या, आतून सॅटिनचे अस्तर, आणि त्याखाली घेर फुलवण्यासाठी लावलेली ती कडक जाळी, जिला दुकानदार कॅनकॅन म्हणतात, अशी त्यांची घडण असते. या कपड्याची गोधडी होत नाही, पुसणे होत नाही, आणि गरजू कुटुंबाला नुसताच दिला तर तो तिथेही दिवाणातच पडून राहतो. अस्तराचा परकर करून साडीखाली वापरावा असे सुचवणाऱ्या मैत्रिणी भेटतील. त्यांनी तो स्वतः घालून पाहिलेला नसतो. सॅटिनवरून साडी घसरते आणि निऱ्या दर दहा पावलांनी हातात येतात.

पण जरा वेगळ्या बाजूने पाहा. एकसारखे पाच घागरे एकत्र असतात तेव्हाच तो गणवेश वाटतो. एकेकीच्या अंगावर एकेका शहरात तो नुसता घागरा असतो. ज्या मुलीला हवा असेल तिने कॅनकॅन उसवून काढावे, वर साधा काळा किंवा मोतिया रंगाचा लांब कुर्ता घालावा, आणि टिकल्यांचा ब्लाउज निराळा काढून सुती साडीवर वापरावा. इंदूरच्या गरब्यांतही तो चालेल, मात्र कॅनकॅनसह नाही. दोन फेऱ्यांत कंबर धरते.

ज्या मुलींना नको असेल त्यांचे घागरे सुटे सुटे वाटू नका. विकायला काढले तरी वापरलेला एक घागरा कोणी फारसा विचारत नाही, पण एकाच रंगाचे, वेगवेगळ्या मापांचे चार-पाच घागरे शाळेच्या स्नेहसंमेलनातील समूहनृत्यासाठी, महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी किंवा हौशी नाटकमंडळींच्या कपडेपटासाठी हवेच असतात, आणि तेवढे एकसारखे कपडे भाड्याने आणायचे म्हटले तर खर्च येतो. ज्या सारखेपणामुळे ते आपल्या मुलींना पुन्हा घालावेसे वाटत नाहीत, त्याच सारखेपणामुळे तिथे त्यांची किंमत आहे. आपल्या भागातील मराठी शाळेत किंवा मंडळात चौकशी करा आणि देताना मापांची चिठ्ठी प्रत्येक घागऱ्याच्या नेफ्याला टाचा. सामूहिक विवाह लावणाऱ्या संस्थाही वऱ्हाडाच्या कपड्यांचा विचार करतात. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री कन्यादान योजना २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून असे विवाह अनेकांच्या परिचयाचे आहेत. तिथे देताना नवरीसाठी म्हणून देऊ नये. तिला कोरेच वस्त्र मिळावे. तिच्या बहिणींसाठी द्यावे. करवलीचा कपडा करवलीकडेच जाईल.

देण्यापूर्वी सगळे धुवून किंवा ड्रायक्लीन करून घ्या, कारण घामाचे डाग आज दिसत नसले तरी काही महिन्यांनी ते पिवळे होऊन वर येतात. टिकल्या आणि खडे शिवलेले आहेत की चिकटवलेले, हे धोब्याला आधी दाखवा. चिकटवलेले खडे ड्रायक्लीनिंगच्या द्रवात सुटून जातात. साडीवर हळद लागली असेल तर तिच्यावर थेट साबण घासू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीपासून कुंकू करताना चुना घालतात तो याचसाठी. आधी साध्या पाण्याने धुवून ओला डाग उन्हात ठेवला तर पुष्कळसा उडतो. ही उन्हाची युक्ती सुती आणि पॉलिएस्टर कापडापुरतीच आहे, रेशमी ओढण्यांवर करू नका.

शेवटी उसवलेले कॅनकॅन आणि फाटकी जाळी उरेल. आपल्या शहरात कचरागाडीला सहा प्रकारांत वेगळा करून कचरा द्यावा लागतो हे मी इंदूरकरांना सांगायला नको. ही जाळी सुक्या कचऱ्यात जाईल. घालण्याजोगे काही उरलेच तर मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या आर.आर.आर. (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रांचा पर्याय आहे, जिथे जुने कपडे, पुस्तके, भांडी पुनर्वापरासाठी घेतली जातात. आपल्या वॉर्डात असे केंद्र कुठे चालते, ते झोन कार्यालयात विचारावे.

प्रश्न : माझे वय एकोणतीस असून आतापर्यंत चार लग्नांत मी करवली झाले आहे. एका सख्ख्या बहिणीच्या, दोन मावसबहिणींच्या आणि एका मैत्रिणीच्या. त्यातून सात पोशाख जमले आहेत. दोन-तीन विकावेत, बाकी कोणाला द्यावेत, असे मनात आहे, पण आई म्हणते की मानाची साडी घराबाहेर काढू नये. मैत्रिणीला कळले तर तिलाही वाईट वाटेल का?

— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या आईंच्या म्हणण्यात दोन रीती एकत्र मिसळल्या आहेत. नेसलेली साडी ओटीत घालत नाहीत, आहेर म्हणून पुढे सरकवत नाहीत आणि देवीला नेसवत नाहीत, ही रीत खरी आहे आणि ती पाळावी. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरात कोरी साडी नाही म्हणून कपाटातली एकदा नेसलेली काढण्याचा मोह होतो, तोही आवरावा. तिचा मखरामागे पडदा करायला मात्र हरकत नाही. पण वापरलेली साडी धाकट्या बहिणीला, जावेला, भाचीला किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना द्यायची नाही, असे आपल्याकडे कधीच नव्हते. आमच्या घरात तर एकीची साडी दुसरीकडे गेल्याशिवाय तिसरीच्या लग्नाची तयारी पुरी होत नसे.

मैत्रिणीविषयी म्हणाल, तर विकल्याचे तिसऱ्याच कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेले बरे. "तुझ्या लग्नातली साडी नेसून सानंद संस्थेच्या नाटकाला गेले होते, आता ती मावशीच्या नातीला देते आहे," या वाक्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. त्यासाठी ती आधी एकदा नेसून नाटकाला जावे लागेल. ते अवश्य करा. सातांपैकी कोणते दोन पोशाख ठेवायचे हे त्यातच ठरेल, कारण जो पोशाख अंगावर चढवताना कंटाळा येतो तो ठेवण्याचा नसतो.

विकताना एकच पथ्य सांगते. सेमी पैठणीला पैठणी म्हणून विकू नका, मग ती आपल्याला पैठणी म्हणून मिळालेली का असेना. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट उलट्या बाजूनेही सुलट बाजूइतकेच स्वच्छ दिसतात, कारण ती नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेल्या धाग्यांची लव दिसते.

प्रश्न : माझ्या आईला १९६२ साली तिच्या नणंदेच्या लग्नात करवलीचा मान म्हणून मिळालेला बनारसी शालू माझ्याकडे आहे. तो आता घड्यांवर चिरत चालला आहे. त्याच्या उशा किंवा भिंतीवरची चौकट करून घ्यावी असे वाटते. जरही काळी पडली आहे. ती विकत घेणारे लोक असतात असे ऐकले.

— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : उशा करू नका. मी केल्या होत्या. आत्याचा जांभळा शालू तीस वर्षांपूर्वी कापून सोफ्याच्या चार उशांचे अभ्रे शिवले, पाहुण्यांनी वाखाणले, आणि एका उन्हाळ्यात, कूलरची दमट हवा आणि मुलांची डोकी यांच्यामध्ये, रेशीम झिजून नुसत्या जरीच्या तारा उघड्या पडल्या. त्या तारा गालाला टोचत. शालू गेला आणि उशाही गेल्या.

जरीची तार काळी पडली, याचा अर्थ तिच्यात चांदी असण्याचा संभव आहे, कारण हवेतील गंधकाने चांदी काळवंडते. मात्र तांब्यावर चांदीचे पाणी दिलेली जरही काळी पडते, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय होत नाही. काठाच्या कडेला आधीच सुटलेली एखादी तार मिळाली तर नखाने हलकेच खरवडून पाहा. आत लालसर धातू दिसला तर तांबे. जरीच्या तारा विकत घेणारे असतात, आपण ऐकले ते खरे आहे, पण ते कापड जाळून त्यातली चांदी काढतात. आपल्याला हाती जे पैसे येतील त्यांत शालूच्या विणकामाचा एक पैसाही धरलेला नसेल.

साडी घड्यांवर चिरते ती नेहमी त्याच रेघांवर घडी पडल्यामुळे. रेशमापेक्षा जरीची तार कडक असते आणि दाबाखाली ती शेजारचा धागा कापते. म्हणून घडी बंद करा. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर जुने, धुतलेले, बिनखळीचे धोतर गुंडाळा, त्यावर शालू सैल गुंडाळा, आणि वरून पुन्हा सुती कापड घाला. प्लास्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या जरीला लागतील अशा नकोत, अत्तर तर मुळीच नको. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात चालेल. दर पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्या.

अंग अगदीच गेले असेल तर काठ वाचवा. काठ अंगापेक्षा जास्त टिकतो, आणि जुने काठ नव्या साडीला लावणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. कापताना मात्र काठाला लागून कात्री चालवू नका. अंगाचे दोन बोटे कापड काठाबरोबर राहू द्या, म्हणजे शिवण त्या कापडात बसेल आणि जरीला सुई लागणार नाही.

प्रश्न : मार्गशीर्षात मुलाचे लग्न आहे. करवल्यांना असे काय द्यावे की जे पडून राहणार नाही?

— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : महेश्वर आपल्यापासून अवघ्या दोन-अडीच तासांवर आहे. अहिल्यादेवींनी तिथे राजधानी नेली, विणकर वसवले, आणि ती साडी मुळात नऊवारीच विणली जात असे. तिच्या बुगडी काठाला सुलट-उलट नसते, दोन्ही बाजूंनी नेसता येते. लग्नात ती शोभते, आणि नंतर ऑफिसलाही नेसता येते, जे कोणत्याही घागऱ्याचे होणार नाही. सगळ्यांना एकच रंग देण्याऐवजी एकच काठ आणि वेगवेगळे रंग निवडा. फोटोत त्या एका घरच्या दिसतील. शीतलामाता बाजारात किंवा क्लॉथ मार्केटमध्ये घेणार असाल तर वर सांगितलेली धाग्याची परीक्षा पक्की खरेदी करण्याआधी करून घ्या. चांगला दुकानदार टोकाचा एक धागा काढू देतो. ब्लाउजपीस न शिवता द्या आणि शिलाईचे पैसे पाकिटात घाला. मुलींची मापे आपल्याला ठाऊक नसतात, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उसवत बसण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. साडीला फॉल-पिको मात्र आपणच करून द्या. करवल्या मुंडावळ्यांच्या सकाळपर्यंत ते करून घेत नाहीत.